धोंड्याच्या महिन्यातली गादी

साळुबाईचं जावयाबद्दल एकच गाऱ्हाणं होतं. तो खाजवायचा.

बाकी माणूस बरा होता. मंचरला दूध डेअरीत नोकरी, तोंडाला कसला वास नाही, खिशात तंबाखूची पुडी नाही, आणि साळुबाईच्या लेकीला, वृषालीला, त्यानं कधी एका शब्दानं दुखवलं नव्हतं. पण गेल्या उन्हाळ्यात तो निमगाव सावाला, सासुरवाडीच्या जत्रेला आला, आणि ओसरीवर गावची चार मोठी माणसं बसलेली असताना मानेमागून सदऱ्यात हात घालून, डोळे मिटून, चांगली पाच मिनिटं पाठ खाजवत राहिला. म्हैस गोठ्यातल्या मेढीला अंग घासते ना, अगदी तसा. आणि वर म्हणाला, "मामी, तुमच्यात ढेकणं लई झाल्यात राव!"

ओसरीवरची माणसं हसली. साळुबाई हसली नाही. ज्या घरातली भांडी ती राखेनं तीनदा घासते, ज्या घरातली वाकळ आठवड्याला उन्हात पडते, त्या घरात ढेकणं? जत्रेला माणसं फार झाली म्हणून मंडपवाल्याकडून गाद्या आणल्या होत्या. ढेकणं त्यांतली होती, हे तिनं त्याच वेळी सांगितलं. पण खाजवणाऱ्या माणसापुढं बोलणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं? जावयानं अवसरी बुद्रुकला आपल्या घरी जाऊन आईला पाठ दाखवली. आईनं मंचरच्या बाजारात चार बायकांना सांगितलं. आठ दिवसांत ती बातमी भाजीच्या टेम्पोत बसून निमगावला परत आली.

आणि तीही कोणाच्या घराबद्दल? साळुबाईच्या. दुसरीतूनच तिची शाळा सुटली होती, अक्षरं तिला नीट लागत नसत, पण माणसाच्या अंगावर उठलेली गांध ती छापील पुस्तकासारखी वाचायची. उन्हाळा लागला की गावच्या बाया हात-पाय उघडे करून तिच्या दारात यायच्या.

"ओळीनं तीन हायेत ना? मग ढेकूण," ती सांगायची. "त्यो जेवता जेवता फुडं सरकतो. घोट्यापाशी बारीक पुळी आन् मधी लाल टिंब, ती पिसू. गांध उठून घटकाभरात बसली, त्यो डास. आन् नुसती आग आग झाली, तर मुंगी."

शेजारची भागू एकदा मान दाखवायला आली. साळुबाईनं मान बघितली आणि म्हणाली, "मुंगी. उशाखाली काय ठिवलंय?"

"काय न्हाई ओ, आत्याबाई."

"भागू."

"...गुळाचा खडा. सासूबाई डब्याला कुलूप लावत्यात."

असा तिचा अधिकार. आणि तिच्याच घराला डाग लागलेला!

वर्षभर तिनं तो डाग गिळला. पण नव्व्याण्णव साल उजाडलं, वृषालीला दिवस गेले, आणि वैशाखात गेणभाऊ निरोप घेऊन आले. सोयरीक त्यांनीच जुळवली होती, त्यामुळं दोन्हीकडचे कडू निरोपही त्यांनाच वाहावे लागत. ते ओसरीवर बसले, पाणी प्याले, पुन्हा पाणी प्याले.

"गेणभाऊ, तिसरा तांब्या आणू, का बोलताय?" साळुबाई म्हणाली.

"तसं काय न्हाई वहिनी. विहीणबाई म्हणत व्हत्या की, पयलं बाळंतपण हितं अवसरीलाच करू. म्हणजे, त्या ढेकणांत बाळंतीण आन् तान्हं पोर कशाला..."

साळुबाईच्या हातातलं सूप खाली आलं. पहिलं बाळंतपण माहेरी होत नाही म्हणजे काय? माय मेलेल्या पोरीचं होत नाही. साळुबाई तर धडधाकट उभी होती, डिंकाचे लाडू कोणत्या डब्यात भरायचे ते ठरवून.

"आन् जावई काय म्हणत्यात?"

"ते म्हणत्यात, धोंड्याला जाऊन येतो, मग ठरवू."

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ ऐन उन्हाळ्यात आला होता. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण दिव्यासकट त्याच्या हातात द्यायचं. साळुबाईनं तिथल्या तिथं बोटांवर मोजून दिवस काढला. हातात बारा दिवस होते. जावई येईल, बसेल, जेवेल आणि एकदाही न खाजवता उठेल, एवढंच तिला करून दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी घर अंगणात आलं. खाटा उलट्या झाल्या, त्यांच्या सांध्यासांध्यांत उकळतं पाणी पडलं. फळ्या, पेट्या, देवाचे फोटो, सगळं उन्हात. दारं लावून घरात कडुलिंबाच्या पाल्याची धुरी केली. ती इतकी, की सावळेराम शेतातून धावत आले. सावळेराम म्हणजे साळुबाईचे मालक. सांगितलेलं काम करायचं आणि न विचारलेलं बोलायचं नाही, या दोन गोष्टींवर त्यांनी तीस वर्षं सुखानं संसार केला होता.

"पेटलं काय?" ते म्हणाले.

"पेटलं न्हाई. खाटा धरा."

त्यांनी खाटा धरल्या.

सून इंद्रायणी दोन दिवस डोळे पुसत होती, धुरानं. "आत्याबाई, ढेकूण एक बी निघाला न्हाई अजून," ती म्हणाली.

"निघंल कसं? नव्हताच!"

"मग ही धुरी कशाला?"

"नाय ते नायच राहावं म्हणून." आणि एवढ्यात साळुबाईची नजर परसातल्या खुराड्यावर गेली. "इंद्रायणी, ह्या कोंबड्या आधी घरापासून लांब कर. उन्हाळ्यात ह्यांच्या अंगावर पिसवा मावत न्हाईत. ढेकणाचं निस्तरायचं आन् पिसूनं नाव घालवायचं, आसं व्हायला नको."

मग जुन्नरहून अजीजभाई पिंजारी आले. सायकलला कापूस पिंजायची धनुकली बांधून ते अजून गावोगाव फिरत. साळुबाईनं घरातली जुनी गादी त्यांच्यापुढं टाकली आणि भागूला, भागूच्या सासूला आणि वाटेनं जाणाऱ्या आणखी दोघींना साक्षीला बसवलं.

"अजीजभाई, गादी फाडा. आन् आत काय निघतंय ते चार माणसांत मोठ्यांदा सांगा."

अजीजभाईंनी गादी उसवली, कापूस चिवडला, शिवणी बघितल्या. "मावशी, साफ हाय. येक जरी ढेकूण निघाला, तर ही धनुकली तुमच्या चुलीत घाला."

"ऐकलं का गं?" साळुबाई भागूच्या सासूला म्हणाली. तिनं ऐकलं होतं, पण साळुबाईनं अजीजभाईंना तेच पुन्हा एकदा बोलायला लावलं.

दिवसभर अंगणात धनुकली टंगटंग वाजली. संध्याकाळी नव्या खोळीतली, लाल फुलांची, हात रुतेल अशी गादी तयार झाली. जाताना अजीजभाई म्हणाले, "नवी पिंजलेली हाय, चांगलं ऊन दाखवा. कोंदट जागी नका टाकू."

साळुबाईनं ऊन दाखवलं. पण जावई यायला अजून दोन दिवस होते, आणि तोवर गादी घरात ठेवायची तिची छाती होईना. ढेकूण माणसाच्या वासानं येतो, हे तिचं शास्त्र. जिथं माणूस झोपत नाही तिथं ढेकूण नाही. यंदा कांदा शेतातूनच विकला गेला होता, त्यामुळं घरामागची कांदा साठवायची बराख मोकळी पडली होती.

"आवं," तिनं सावळेरामांना हाक मारली, "ही गादी बराखीत ठिवा. वर ताडपत्री टाका. आन् कुणी बसायचं न्हाई तिच्यावर. कळलं?"

"कुणीच?"

"कुणीच!"

सावळेरामांनी काही वेळ तोंड उघडं ठेवलं, मग मिटलं, आणि गादी डोक्यावर घेतली.

ठरलेल्या दिवशी सकाळी गादी ओसरीवर आली. सावळेरामांनी ती आणण्याआधी बराखीतच चांगली झटकली, हे साळुबाईला आवाजावरनं कळलं, आणि कधी नव्हे ते न सांगता काम केलं म्हणून तिला त्यांचं कौतुकही वाटलं. पांढरीशुभ्र चादर घातली. इंद्रायणी चुलीपाशी होती, मालक जीपची वाट बघायला पारापाशी गेले होते. ओसरीवर कोणी नव्हतं. साळुबाईनं इकडं तिकडं बघितलं आणि गादीवर बसून पाहिलं. मग हळूच आडवी झाली. जन्मभर वाकळेवर झोपलेल्या पाठीला ती गादी म्हणजे लोण्याचा गोळा वाटली. "मेले पावणं सुखात जातील हितून," असं पुटपुटत ती जरा जास्तच वेळ पडून राहिली.

जीप आली. जावईबापू नव्या पांढऱ्या शर्टात, वृषाली सहाव्या महिन्याचं पोट सांभाळत, मागून गेणभाऊ. पायावर पाणी झालं, गूळपाणी झालं. वृषाली आत आली आणि तिनं आईला मिठी मारली. जावई, गेणभाऊ आणि सावळेराम गादीवर बसले.

साळुबाई दाराच्या आडोशाला उभी राहिली, डोक्यावर पदर, नजर जावयाच्या हातांवर. दोन्ही हात मांडीवर. पाच मिनिटं गेली. हात मांडीवरच. दहा मिनिटं झाली. बोटसुद्धा हललं नाही. तिच्या छातीत धोंडे उकळल्यासारखं झालं, आनंदानं.

मग तिला वाटलं, हा माणूस जरा जास्तच सरळ बसलाय. फोटोला बसतात तसा. कपाळावर घाम, जबडा आवळलेला, आणि पायाची बोटं मात्र चादरीत आत-बाहेर, आत-बाहेर.

"डेअरी काय म्हणती?" सावळेरामांनी विचारलं.

"बरी हाय!" जावई इतक्या मोठ्यांदा म्हणाला की परसातला कुत्रा भुंकला.

त्याचा उजवा हात मांडीवरून दोन बोटं वर उठला. आतून वृषाली खोकली. हात खाली बसला.

गेणभाऊ एकाएकी उभे राहिले. "मी जरा हीर बघून येतो."

"हीर?" सावळेराम म्हणाले. "तीस वर्सं बघताय की."

"पाणी कितपत हाय ते बघतो." ते गेले आणि थोड्या वेळानं, एखाद्याला पुत्र झाल्यासारखा चेहरा घेऊन परत आले. बसले. पुन्हा तोंड कसनुसं झालं. पुन्हा विहीर बघायला गेले. जेवणाआधी तीनदा त्यांनी विहीर बघितली.

साळुबाईला काही सुचेना. आणि नेमकं तेव्हाच तिच्या स्वतःच्या कमरेत, अगदी नेसूच्या गाठीपाशी, काहीतरी चावलं.

आधी एकदा. मग त्याच्या शेजारी. मग पाठीत, जिथं कोणाचाच हात पोचत नाही तिथं. बारा दिवस जी टाळायला जिवाचं रान केलं ती खाज आता तिच्याच लुगड्यात शिरली होती. आणि खाजवायची सोय नव्हती. यजमानीणच खाजवू लागली, तर पाहुण्यानं काय समजायचं? तिनं दाराच्या चौकटीला पाठ टेकली आणि देवाला नमस्कार करतेय असं दाखवत जराशी वर-खाली झाली.

"आत्याबाई, बरं वाटंना का?" इंद्रायणीनं विचारलं.

"गप. पानं घे."

ओसरीवरच पानं मांडली. पाटाभोवती रांगोळी, समोर समई. जेवणाआधी वाण द्यायचं होतं. पितळेच्या ताटात तेहतीस अनारसे रचले होते, टोकाला तुपाचा दिवा. साळुबाईनं दोन्ही हातांनी ताट उचललं आणि ओवाळू लागली. रीत सावकाश ओवाळायची. पण कमरेत आगीची माळ पेटलेली, त्यामुळं ताट एकदा फिरलं, मग भरभर फिरलं, मग असं गरगर फिरलं की दिव्याची ज्योत आडवी झाली.

"आई, हळू," वृषाली म्हणाली.

साळुबाईनं ताट पुढं केलं. जावयानं दोन्ही हातांनी धरलं. आता चारही हात ताटाला. ताट थरथरू लागलं. साळुबाईला वाटलं जावयाचे हात थरथरतायत, म्हणून तिनं सोडलं नाही. जावयाला वाटलं मामींचे हात थरथरतायत, म्हणून त्यानं घट्ट धरलं. दोघं एकमेकांकडं बघत होते. जावयाचा डावा खांदा कानाला लागला होता. साळुबाईचा उजवा खांदा तिच्या कानाला लागला होता. वरचा एक अनारसा हलला, घरंगळला आणि रांगोळीत पडला. मग दुसरा पडला.

"आवं," साळुबाई दातांतून मालकांना म्हणाली, "पावणं आसं का करत्यात, बघा की!"

विचारलं होतं, म्हणून सावळेरामांनी उत्तर दिलं.

"पिसवा चावत आसतील."

साळुबाईनं मान गर्रकन वळवली.

"कसल्या पिसवा?"

"कोंबड्यांच्या. दोन दिस त्या गादीवरच बसत्यात की."

साळुबाईनं ताट सोडलं. नशीब, जावयानं ते धरलेलंच होतं. "कोंबड्या? बराखीत कोंबड्या कुणी घातल्या?"

"तुमीच म्हणालात, आत्याबाई, घरापासून लांब कर," इंद्रायणी पळी हातात घेऊन बाहेर आली. "मी मामंजींला सांगितलं, खुराडं बराखीत न्या."

"मी नेलं," सावळेराम म्हणाले.

"आन् मी गादी बराखीत ठिवायला सांगितली तवा?"

"ती बी ठिवली."

"तवा तोंडानं बोलायचं न्हाई व्हय, की आत कोंबड्या हायेत म्हणून?"

"तू म्हणालीस कुणीच बसायचं न्हाई. मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं न्हाई." सावळेराम जरा थांबले. "कोंबड्यांना लई आवडली गादी. सकाळी ताडपत्रीवर दोन अंडी व्हती. मी झटकून आणली. गादी. अंडी न्हाई."

गेणभाऊ तोंडावर उपरणं धरून चौथ्यांदा विहिरीकडं निघाले, पण या वेळी हसू लपवायला.

साळुबाई मात्र हसत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढं अवसरी आली, मंचरचा बाजार आला, विहीणबाई आल्या, आणि डिंकाचे लाडू भरायचा रिकामा डबा आला. संपलं सगळं, तिला वाटलं. मग ती दोन पावलं पुढं झाली, जावयाच्या हातातलं ताट काढून वृषालीकडं दिलं, आणि सासू-जावयाची सगळी रीत बाजूला ठेवून म्हणाली, "बाही वर घ्या."

"काय न्हाई ओ मामी. कुठं काय?"

"घ्या म्हणते ना!"

त्यानं बाही वर घेतली. मनगटापासून कोपरापर्यंत हात लालेलाल झाला होता. साळुबाईनं तो दाराच्या उजेडात धरला, डोळे बारीक केले, बोट फिरवलं.

"ओळ न्हाई," ती म्हणाली. "सुटी सुटी पुळी. मधी लाल टिंब." तिनं मान वर केली. "पिसू! येक बी ढेकूण न्हाई! वृषाली, बघून घे. गेणभाऊ, हिकडं या, तुमी बी बघा. चांगलं बघा, अवसरीला सांगायचंय तुमाला!"

गेणभाऊंनी बघितलं आणि पिसू असल्याची कबुली दिली.

एवढं झाल्यावर साळुबाईच्या ध्यानात आलं की तिनं पकडलेला तो हात अजूनही थरथरतोय, आणि हाताचा मालक तरीही खाजवत नाहीये.

"आवं पण," तिचा आवाज खाली आला, "एवढं चावलं, मग मगाधरनं बोलला का न्हाई?"

जावयानं वृषालीकडं बघितलं. वृषाली आता खोकली नाही, तिनं मान खाली घातली.

"मामी, मागल्या टायमाला मी घरी जाऊन नको ते बोललो. मला काय ठावं, आई बाजारात सांगंल. ही तवा दोन दिवस जेवली न्हाई. हिला बाळंतपणाला हितंच यायचंय. जीपमधी बसताना मला म्हणाली, आज तुमी येकदा जरी खाजवलं ना, तर मला माझी आई मिळायची न्हाई." त्यानं घाम पुसला. "म्हणलं, आज गादीतनं इंचू निघाला तरी हलायचं न्हाई. बाळंतपण हितंच व्हनार. आईला मी सांगतो."

साळुबाईनं पदर सारखा केला, तो सारखाच होता. मग तिनं इंद्रायणीच्या हातातली पळी घेतली, उलटी केली, आणि चारचौघांत, आपल्या घरच्या ओसरीवर, दांड्यानं पाठ खाजवली. सावकाश. डोळे मिटून. म्हैस मेढीला अंग घासते ना, अगदी तशी.

मग तिनं पळी पदरानं पुसली आणि जावयापुढं धरली.

"जावईबापू," ती म्हणाली, "वरीसभर मी गावाला सांगत आले, ह्या माणसाला रीत न्हाई, चारचौघांत खाजवतो. आज सांगते, तुमच्याएवढा रीतीचा माणूस आमच्या सात गावांत न्हाई. घ्या ही पळी आन् खाजवा मन भरून. पर हितनं फुडं काय बी चावलं, तर आधी मला दाखवायचं. मग तुमच्या आईला!"